फाइव्ह ई साठी छापलेल्या ३१२ प्रती पडून आहेत, नवीन एडिशननंतर त्यांचं काय करू? लायसनचाही प्रश्न आहे

कोकणकडा२०, चिंचवड

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसतंच वाचतोय, आज स्वतःचंच घोडं अडलंय म्हणून लिहितोय, लांबेल जरा, सांभाळून घ्या.

२०२२ मध्ये दिवाळीच्या तोंडावर मी डी अँड डीच्या, म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलाभोवती बसून फासे टाकत गोष्ट खेळायच्या खेळाच्या, फिफ्थ एडिशनसाठी (फाइव्ह ई) एक अ‍ॅडव्हेंचर छापलं. म्हणजे खेळायला तयार गोष्टीचं पुस्तक, ६४ पानं, भाषा इंग्रजी कारण खेळणारे पुण्यात जेवढे तेवढेच बेंगळुरू-दिल्लीकडे, पण गोष्ट पूर्ण आपली. खाडीकाठचं गाव, वर पडका किल्ला, खाडीत गिऱ्हा, पिंपळावर मुंजा, आणि शेवटी अमावस्येच्या रात्री वेताळाची स्वारी निघते तिथली लढाई. चित्रं एका मैत्रिणीने काढली, नकाशे मी नोकरी सांभाळून रात्री जागून काढले. छापखान्यात २०० प्रतींचं आणि ५०० प्रतींचं एकूण बिल फार लांब नव्हतं म्हणून ५०० छापल्या, एक प्रत १८५ रुपयांना पडली, किंमत ठेवली ६५०.

सुरुवातीचे दोन-अडीच महिने छान गेले, मग जानेवारी २०२३ मध्ये ते ओजीएलचं, म्हणजे या खेळासाठी दुसऱ्यांना पुस्तकं काढू देणाऱ्या ओपन गेम लायसनचं, प्रकरण झालं. माझ्या शेवटच्या पानावर ओजीएल १.०ए छापलंय, तेव्हा सगळे तेच वापरायचे. खेळाची मालक कंपनी विझार्ड्स जुनं लायसन मोडीत काढणार अशी बातमी आली आणि मी घाबरून तीन आठवडे एकही पार्सल पाठवलं नाही. पुढे कंपनीने माघार घेतली पण माझी जी गती तुटली ती तुटलीच. त्यानंतर २०२४ ला नवीन प्लेअर्स हँडबुक, म्हणजे नियमांचं मुख्य पुस्तक, आलं, आणि आता परवा एका दुकानदाराचा फोन, की तुमच्या ४० प्रती घेऊन जा, पोरं येतात, हातात घेतात, नवीन एडिशनचं आहे का विचारतात आणि ठेवून देतात. त्या ४० धरून ३१२ प्रती झाल्या. बाकीच्या सगळ्या माळ्यावर आहेत आणि त्या भिंतीला पावसाळ्यात ओल येते, म्हणजे जे काय करायचं ते मे संपायच्या आत.

विचारायचंय ते असं. ओजीएल छापलेली ही जुनी पुस्तकं आजही बिनघोर विकता येतात का? पुढची आवृत्ती काढली तर ती कुठल्या लायसनखाली काढू, आणि कव्हरवर नवीन नियमांना चालतं असं लिहू शकतो का? आणि या ३१२ चं काय करू, अर्ध्या किमतीत काढू का? कुणी यातून गेलं असेल तर प्लीज सांगा.

एडिसनकर

दादा, पहिली गोष्ट, अर्ध्या किमतीत काढू नका. निदान आज तरी नको. का ते सांगतो.

मी २००२ ते २००९ न्यू जर्सीत एका गेम शॉपमध्ये शनिवार-रविवार काम करायचो, आधी शिकत होतो तेव्हा आणि मग नोकरी लागल्यावर आवड म्हणून. तुम्ही जे आता बघताय ते मी दोनदा बघितलंय. पहिल्यांदा २००३ मध्ये. थर्ड एडिशन २००० साली आलं होतं, सोबत ओजीएल आणि कव्हरवर डी-ट्वेंटी हा लोगो छापू देणारं वेगळं लायसन, त्यामुळे कोणीही उठावं आणि पुस्तक काढावं अशी परिस्थिती होती, दर आठवड्याला खोके यायचे, मालक डोळे मिटून मागवायचा कारण लोगो बघून लोक घेत होते. आणि तीनच वर्षांत, जुलै २००३ मध्ये, थ्री पॉइंट फाइव्ह आलं. बदल बघायला गेलं तर बारीक होते. रेंजर नवीन लिहिला, हेस्ट मंत्राचा तो जादाचा अ‍ॅक्शन काढला, राक्षसांच्या डॅमेज रिडक्शनची पद्धत बदलली, आधी प्लस तीनचं शस्त्र लागायचं तिथे आता नुसतं मॅजिक लिहिलं की झालं. टेबलावर बसून डीएमने, म्हणजे खेळ चालवणाऱ्याने, दोन मिनिटं डोकं चालवलं असतं तर जुनं प्रत्येक पुस्तक वापरता आलं असतं. पण गिऱ्हाईक काउंटरवर पुस्तक उलटं करून एकच गोष्ट शोधायचं, थ्री पॉइंट फाइव्ह लिहिलंय का. नाही लिहिलेलं? ठेव परत.

आमच्याकडे हॉबी डिस्ट्रिब्युटर सहसा माल परत घेत नाहीत, मोठ्या पुस्तकांच्या दुकानांसारखं नाही ते. म्हणजे जो माल दुकानात आला तो दुकानदाराच्याच बोकांडी. मालकाने दाराजवळ एक मोठं पुठ्ठ्याचं खोकं ठेवलं, पाच डॉलरला एक, आणि तिथेच खरा घात झाला. कारण एकदा एखाद्या प्रकाशकाचं पुस्तक त्या खोक्यात दिसलं ना, की त्याचं नवीन, थ्री पॉइंट फाइव्हवालं पुस्तकसुद्धा लोक पूर्ण किमतीला घेईनात, थांबू, येईल की खोक्यात. आणि मग मालकानेही छोट्या प्रकाशकांचं मागवणंच कमी केलं. चांगली माणसं होती त्यात, आमच्या दुकानात येऊन गेम चालवून दाखवणारी, ती या धंद्यातून गेली ती गेलीच.

दुसऱ्यांदा २००८. त्या वेळी नुसते नियम नाही, लायसनच बदललं. फोर्थ एडिशनला ओजीएल नव्हतं, जीएसएल नावाचं नवीन प्रकरण होतं, आणि डी-ट्वेंटी लोगोचं लायसन बंद केलं. लोगो असलेला शिल्लक माल प्रकाशकांनी ३१ डिसेंबर २००८ पर्यंत विकून संपवायचा. पीडीएफवाल्यांनाही तेच, कव्हरवरून लोगो काढा नाहीतर फाइल उतरवा. ज्यांनी आतलं सगळं ओजीएलवर ठेवून कव्हरवर तो लोगो घातला नव्हता त्यांच्या मालाला मात्र कोणी हात लावू शकलं नाही. आतला मजकूर तोच, नियम तेच, फरक कव्हरवरच्या एका इंचाचा. मला तेव्हापासून सवय लागली, कुठलंही थर्ड पार्टी पुस्तक हातात आलं की आधी कव्हरवर कोणाकोणाचे लोगो आहेत ते बघतो.

तर तुमच्या कव्हरवर नेमकं काय छापलंय?

ठाण्याची_वकील

मी कॉन्ट्रॅक्ट आणि आयपीची, म्हणजे कॉपीराइट-ट्रेडमार्कची, कामं करते आणि गेली आठ वर्षं दर रविवारी खेळते, त्यामुळे हा धागा बघून राहवलं नाही. हा औपचारिक सल्ला समजू नका, तुमची कागदपत्रं मी पाहिलेली नाहीत, पण सर्वसाधारण चित्र सांगते.

जुन्या प्रती विका, बिनधास्त. जानेवारी २०२३ मध्ये जे फुटलं तो ओजीएल १.१ चा मसुदा होता, त्यात साडेसात लाख डॉलरच्या वर उत्पन्न असेल तर वरच्या रकमेवर २५ टक्के रॉयल्टी, पन्नास हजारांच्या वर कमाई असेल तर कळवायचं, आणि सगळ्यात वाईट म्हणजे १.०ए यापुढे ऑथराइज्ड राहणार नाही असं म्हणायचा प्रयत्न. तो शब्द का महत्त्वाचा, तर जुन्या ओजीएलच्या नवव्या कलमात म्हटलंय की लायसनची कुठलीही ऑथराइज्ड आवृत्ती तुम्ही वापरू शकता. चौथ्या कलमात पर्पेच्युअल लिहिलंय, म्हणजे कायमस्वरूपी, पण इर्रिव्होकेबल म्हणजे मागे न घेता येणारं, हा शब्द कुठेच नाही. २००० साली लिहिताना तो गाळला गेला आणि तेवीस वर्षांनी त्या एका शब्दाच्या फटीतून सगळं घर हलवायला बघितलं. खरं तर कंपनीच्याच जुन्या प्रश्नोत्तरांत स्पष्ट लिहिलेलं होतं, की उद्या आम्ही लायसन बदललं आणि तुम्हाला ते आवडलं नाही तर जुनंच वापरा. त्यामुळे लोक चिडले त्यात नवल नाही, शब्द दिला होता आणि त्यावर लोकांनी पोटं उभी केली होती.

२७ जानेवारी २०२३ ला त्यांनी दोन गोष्टी केल्या. ओजीएल १.०ए ला हात लावणार नाही म्हणाले, आणि एसआरडी ५.१, म्हणजे नियमांचा जो मोकळा भाग आहे तो सगळाच्या सगळा, क्रिएटिव्ह कॉमन्स अ‍ॅट्रिब्युशन ४.० खाली ठेवला. हे दुसरं जास्त मोलाचं. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या या लायसनमध्ये इर्रिव्होकेबल हा शब्द आहे आणि लायसन त्यांचं नाही, एका तिसऱ्या संस्थेचं आहे, त्यामुळे ते बदलणं कंपनीच्या हातातच उरलं नाही. एप्रिल २०२५ मध्ये नवीन नियमांचा एसआरडी ५.२ सुद्धा त्याच लायसनखाली आला. दोन्ही एकत्र वापरता येतात, दोन्हींचं श्रेय द्यायचं बस. ते श्रेयाचं वाक्य त्यांनी तयार दिलंय, तेच्या तेच छापा, आपल्या मनाने आभार वगैरे वाढवू नका, कारण त्यांनी स्वतःच सांगितलंय की याव्यतिरिक्त आमचं नाव घेऊ नका.

म्हणून पुढची आवृत्ती क्रिएटिव्ह कॉमन्सवर काढा असं मी म्हणेन. पण त्याआधी एक गोष्ट तपासा, आणि ही नीट तपासा, कारण इथे लोक हमखास चुकतात. तुमच्या ओजीएल पानाचं पंधरावं कलम काढा. तिथे कोणाकोणाच्या पुस्तकांची नावं आहेत? जर फक्त विझार्ड्सची आणि तुमची असतील तर प्रश्न नाही, उद्या ते पान काढून टाका. पण जर तुम्ही दुसऱ्या कुठल्या प्रकाशकाचा ओजीएलखालचा राक्षस किंवा मंत्र घेतला असेल तर तो क्रिएटिव्ह कॉमन्सवर गेलेला नाही, तो अजून ओजीएलवरच आहे. मग एकतर तो भाग काढा नाहीतर ओजीएल ठेवा.

कव्हरचं म्हणाल तर कम्पॅटिबल विथ फिफ्थ एडिशन किंवा फाइव्ह ई कम्पॅटिबल, हे दोन्ही शब्दप्रयोग त्यांनी स्वतः एसआरडीत मान्य केलेत. मुख्य नाव, ड्रॅगनचा तो लोगो, यांच्या वाटेला जाऊ नका. आपल्या १९९९ च्या ट्रेड मार्क्स अ‍ॅक्टमध्ये कलम ३० खाली दुसऱ्याच्या वस्तूला जोडून चालणारी वस्तू विकताना त्याचं नाव घ्यायची थोडी मुभा आहे, पण ओजीएल घेतलं की सातव्या कलमाने ती मुभा तुम्ही आपणहून सोडलेली असते, आणि अमेरिकेतून एक नोटीस आली तर तिला उत्तर द्यायलाच तुमच्या सगळ्या छपाईइतका खर्च होईल.

सातपुडा_डीएम

मी जळगावला पाच जणांचा ग्रुप चालवतो आणि मी २०१४ चेच, म्हणजे फिफ्थ एडिशनचे मूळ, नियम वापरतो, अजून दोन ग्रुप ओळखीचे आहेत तेही तेच. हँडबुक, मॉन्स्टर मॅन्युअल, डीएम गाइड तिन्ही पुन्हा विकत घ्यायची म्हणजे किती पैसे लागतात ते बघा ना, आमच्यात दोन पोरं अजून कॉलेजात आहेत. आमच्यासाठी तुमचं पुस्तक जुनं नाहीच आहे. एक प्रत मला पाठवा, नाव सांगा, आणि हो पूर्ण किमतीत.

मांडवीकाठ

पणजीहून. मी पीडीएफ आणि प्रिंट ऑन डिमांडवर छोटी अ‍ॅडव्हेंचर विकते, गेल्या वर्षभरात माझी सात जुनी अ‍ॅडव्हेंचर नवीन नियमांना जुळवून घेतली. वकीलताईंनी लायसनचं छान सांगितलं, मी आतल्या मजकुराचं सांगते, कारण दुकानात पोरं जे विचारतात त्याचं खरं उत्तर तिथे आहे.

बरेच जण नवीन नियम आले म्हणून पूर्ण पुस्तक पुन्हा लिहायला बसतात, मीही पहिल्यांदा तेच केलं आणि दोन महिने घालवले. नंतर लक्षात आलं की मॉन्स्टरचे आकडे जसेच्या तसे चालतात. एसी (मार लागायला किती आकडा हवा), हिट पॉइंट्स (जीव किती), अटॅकचा बोनस, सेव्हिंग थ्रो (संकटातून वाचायचा फासा), सगळं तेच. पकडलं की एस्केप डीसी १३ (सुटायला किमान १३ हवेत) असं जे तुम्ही लिहिलं असेल तेही दोन्हीकडे चालतं. फक्त नवीन स्टॅट ब्लॉकमध्ये, म्हणजे राक्षसाच्या आकड्यांच्या चौकटीत, इनिशिएटिव्हची (आधी कोण खेळणार ते ठरवणाऱ्या फाशाची) वेगळी जागा असते, ती तुमच्याकडे नसेल, तर डेक्सटेरिटीचा, म्हणजे चपळाईचा, आकडा घ्यायचा, संपलं. रेसच्या जागी स्पीशीज म्हणायचं, ते तर शब्दाचं झालं.

जिथे बोट लागतं त्या जागा थोड्या आहेत पण त्या सीन मोडतात. तुमच्या गोष्टीत खाडीत गिऱ्हा आहे म्हणालात, म्हणजे नक्की कुठेतरी रात्रीची होडी असणार, पाणी शांत, आणि एकदम चार गिऱ्हे होडीच्या काठाला हात घालतात. बरोबर ना? जुन्या नियमात जे सरप्राइज झाले त्यांचा पहिला टर्न पूर्ण जायचा, म्हणजे चार गिऱ्ह्यांना एक फेरी फुकट मिळायची, एखादा तरी खेळाडू पाण्यात गेलाच आणि टेबलावर सगळ्यांच्या पोटात गोळा. नवीन नियमात सरप्राइज म्हणजे फक्त इनिशिएटिव्हला डिसअ‍ॅडव्हांटेज. म्हणजे दोन फासे टाकून लहान आकडा धरायचा. खेळाडूंमधलं रोग, म्हणजे चोराचं पात्र, जरी आधी आलं तरी ते एक गिऱ्हा तिथेच मारतं आणि भीती गेली. मी अशा ठिकाणी एक ओळ घालते, की पहिल्या फेरीच्या आधी होडी कलंडते, सगळ्यांनी डेक्सटेरिटी सेव्ह करा, चुकला तो प्रोन, म्हणजे आडवा, आणि हातातली वस्तू पाण्यात. सीन परत जिवंत होतो, आणि ही ओळ जुन्या नियमांत घेतली तरी काही बिघडत नाही.

दुसरं एक्झॉशन, म्हणजे थकवा. किल्ला चढताना उन्हाने दमवत असाल तर जुन्यात पहिल्या पायरीला सगळ्या अ‍ॅबिलिटी चेकला डिसअ‍ॅडव्हांटेज, तिसऱ्याला लढाईचे हात पण बांधले. नवीनमध्ये प्रत्येक पायरीला वीस बाजूंच्या फाशातून दोन वजा आणि वेग पाच फुटांनी कमी. सुरुवात सौम्य आहे म्हणून तुम्ही जिथे एक पायरी दिलीत तिथे दोन द्या. तिसरं म्हणजे बरं करणं, क्युअर वून्ड्स हा मंत्र आता दुप्पट फासे देतं आणि औषधाची बाटली बोनस अ‍ॅक्शनमध्ये पिता येते, त्यामुळे शेवटच्या वेताळाच्या लढाईत त्याचे हिट पॉइंट्स कमी पडतील, मी साधारण पाचवा हिस्सा वाढवते, हा माझा टेबलावरचा अंदाज आहे.

हे सगळं एका पानात मावतं. दोन्ही बाजूंनी ए-फाइव्ह. ते पान छापा, प्रत्येक प्रतीत घाला, मागच्या बाजूला एक गोल स्टिकर लावा की २०१४ आणि २०२४ दोन्ही नियमांसाठी आत सूचना आहेत. मुळात कंपनीने नवीन नियमांना सहावी एडिशन म्हटलेलंच नाही, अजून फिफ्थच म्हणतात, म्हणजे तुमच्या कव्हरवर जे छापलंय ते आजही खरंच आहे. लोकांना फक्त ते कोणीतरी स्पष्ट सांगायला हवं.

एडिसनकर

मांडवीकाठ ताईंचं पटलं, आणि यावरून पेझो या प्रकाशकाची गोष्ट सांगावीशी वाटते. २००७ मध्ये त्यांच्याकडची ड्रॅगन आणि डंजन ही दोन मासिकं विझार्ड्सने परत घेतली, म्हणजे उत्पन्नाचा मोठा भाग गेला. त्यानंतर फोर्थ एडिशनचं लायसन येतंय येतंय म्हणत महिने गेले, आधी तर म्हणाले नियम लवकर बघायचे असतील तर पाच हजार डॉलर भरा. पेझोला पुढच्या वर्षाचं छापायचं होतं, थांबायचं किती? शेवटी मार्च २००८ मध्ये त्यांनी सांगून टाकलं की आम्ही थ्री पॉइंट फाइव्हवरच स्वतःचा खेळ बांधतोय, आणि २००९ च्या ऑगस्टमध्ये पाथफाइंडरचं कोअर रूलबुक आलं. लोकांना एकच गोष्ट मनापासून सांगितली, तुमच्या कपाटातली जुनी पुस्तकं वापरता येतील. आमच्या दुकानात त्याने काय झालं माहितीये, त्या पाच डॉलरच्या खोक्यातली पुस्तकं मालकाने परत शेल्फवर लावली, दहा-बारा डॉलरची चिठ्ठी लावून, आणि ती गेली. ज्या पुस्तकांना कोणी विचारत नव्हतं तीच. आतलं एक अक्षर बदललं नव्हतं.

आणि जीएसएलचं म्हणाल तर त्यात एक कलम होतं, एखादी मालिका त्यात नेली की तीच मालिका ओजीएलखाली विकायची नाही. विषाची गोळी म्हणायचे लोक त्याला. पुढे मार्च २००९ मध्ये ते बदललं, पण तोवर जे जायचे ते गेले होते. केन्झर अँड कंपनीने तर लायसन घेतलंच नाही, २००८ मध्ये कालमार या आपल्या जगाचं पुस्तक सरळ कॉपीराइट कायद्याच्या भरवशावर फोर्थ एडिशनसाठी काढलं, पण त्यांचे मालक स्वतः वकील आहेत, आपण तसं काही करू नये.

ठाण्याची_वकील

बरोबर बोललात. खेळाची पद्धत, फासा टाकून अमुक मिळवायचं ही कल्पना, तिच्यावर कॉपीराइट नसतो हे अमेरिकेतही आहे आणि आपल्याकडेही सुप्रीम कोर्टाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद केसमध्ये कल्पनेवर कॉपीराइट नाही हे नीट सांगितलंय. पण कल्पना कुठे संपते आणि शब्द कुठे सुरू होतात हे कोर्टात भांडून ठरतं, आणि ३१२ प्रतींसाठी कोणी कोर्टात जात नाही. लायसन आहे ते घ्यावं, फक्त वाचून घ्यावं.

कोकणकडा२०

सगळ्यांचे खरंच मनापासून आभार, काल रात्री दोनपर्यंत जागून पुस्तक पुन्हा वाचलं.

एडिसनकर दादा, कव्हरवर फक्त कम्पॅटिबल विथ फिफ्थ एडिशन आहे, लोगो माझा स्वतःचा, म्हणजे तिथे वाचलो.

वकीलताई, पण पंधराव्या कलमात सापडलंच. विझार्ड्स, मी, आणि एका परदेशी प्रकाशकाचं मॉन्स्टरचं पुस्तक. पान ४१ वर किल्ल्याच्या खंदकात जो दलदलीतला प्राणी आहे तो त्यांच्याकडून घेतला होता, नाव नोंदवलं होतं नीट, पण मी हे पूर्ण विसरून गेलो होतो. तुम्ही म्हणाला नसतात तर नवीन आवृत्तीत ओजीएलचं पान काढून मोकळा झालो असतो आणि तो प्राणी तसाच राहिला असता. आता विचारतो, जुन्या प्रतींना याने काही अडचण नाही ना? आणि नवीनमध्ये त्याच्या जागी काय टाकू?

मांडवीकाठ ताई, होडीचा सीन पान १९ वर आहे आणि तुम्ही न वाचता जसाच्या तसा सांगितलात, चारच गिऱ्हे आहेत. कलंडणारी होडी मी घेतोय, तुमचं नाव कुठे टाकू ते सांगा.

ठाण्याची_वकील

जुन्या प्रतींना काही अडचण नाही, तुम्ही ओजीएल पूर्ण छापलंय, त्यांचं नाव नोंदवलंय, लायसनला हेच हवं होतं. त्या जशा आहेत तशा विका. ते सूचनांचं सुटं पान मात्र एसआरडी ५.२ वरून करताय म्हणून त्याच्या तळाशी ५.२ चं श्रेयाचं वाक्य स्वतंत्र टाका, पान पुस्तकापासून वेगळं झालं तरी ते वाक्य त्याच्यासोबत राहिलं पाहिजे.

खंदकासाठी मगर टाका. क्रोकोडाइल आणि जायंट क्रोकोडाइल दोन्ही एसआरडीत आहेत, आणि कोकणातल्या नदी-खाड्यांत मगरी आहेतच, चिपळूणच्या वाशिष्ठीत लोक बघायला जातात. गिऱ्हा, मुंजा, वेताळ हे तर लोककथेतले, त्यांच्यावर कोणाचा हक्क नाही, पण त्यांचं तुम्ही केलेलं वर्णन आणि चित्रं तुमची आहेत. पुस्तकाच्या सुरुवातीला स्पष्ट लिहा की कुठला भाग तुमचा राखीव आहे. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या या लायसनमध्ये घेतलं म्हणून आपलंही मोकळं करायची सक्ती नाही.

मांडवीकाठ

नाव नको हो, तुमचं अ‍ॅडव्हेंचर कधीतरी माझ्या टेबलावर चालवेन तेव्हा वसूल करेन. पुढची आवृत्ती मात्र ५०० छापू नका. डिजिटल प्रेसवर ५०-६० ची छपाई करा, प्रत महाग पडेल, ३०० च्या आसपास जाईल, पण चार वर्षांनी नवीन काही आलं तरी घरात पाच-दहाच उरलेल्या असतील. आणि पीडीएफ सोबत ठेवा, ती तासाभरात दुरुस्त करता येते. कोणी सांगितलं डीएम्स गिल्डवर, म्हणजे विझार्ड्सच्या परवानगीने चालणाऱ्या विक्रीच्या साइटवर, टाका तर विचार करून टाका, तिथे त्यांची जगं वापरायला मिळतात पण अर्धे पैसे जातात आणि तिथे टाकलेलं दुसरीकडे विकता येत नाही. तुमचं जग तुमचंच आहे, तुम्हाला तिथे जायची गरजच नाही.

एडिसनकर

त्या दुकानदाराकडून ४० प्रती परत आणू नका अजून. तुम्ही स्वतः जा, पानं आणि स्टिकर घेऊन, तिथे बसून प्रत्येक प्रतीत घाला, आणि त्याला विचारा की एखाद्या शनिवारी दुपारी दोन तास टेबल देतोस का. फक्त होडीचा सीन चालवा. आमच्या दुकानात जी पुस्तकं कोणी चालवून दाखवली ती कधी त्या खोक्यात गेली नाहीत.

कोकणकडा२०

अपडेट देतो. पान तयार झालं, मांडवीकाठ ताईंना पाठवून तपासून घेतलं, वेताळाचे हिट पॉइंट्स ११० वरून १३० केलेत. कोपऱ्यावरच्या डिजिटल प्रिंटवाल्याकडे ३५० पानं काढली, दोन्ही बाजूंनी, श्रेयाचं वाक्य तळाशी आहे. दुकानदार आधी नाही म्हणत होता, मग पान वाचलं आणि म्हणाला ठीक आहे, जूनपर्यंत ठेवतो. शनिवारी चार ते सहा टेबल दिलंय.

माळा रिकामा केला, खोके आता माझ्या पलंगाखाली आहेत, जमिनीवर विटा आणि वर फळी टाकून. सातपुडा_डीएम भाऊ, तुमची प्रत आज स्पीड पोस्टने निघाली, पान १९ मध्ये खूण घातलीये.